नवरोज कोणाचा?

घरोघरच्या मराठी दिनदर्शिकेत २१ मार्चच्या चौकटीत 'जमशेदी नवरोज' हे दोन शब्द दर वर्षी छापलेले असतात. आमच्या कबनुरात ते कोणाच्याच उपयोगाचे नाहीत. गावात अग्यारी नाही, जमातखाना नाही, इराण्याचे हॉटेलही नाही. यंत्रमाग त्या दिवशी नेहमीसारखे खडखडत असतात आणि उसाच्या ट्रॉल्या कारखान्याची वाट धरलेल्या असतात. म्हणून या वार्षिकासाठी नवरोजवर लिहावयाचे ठरवले, तेव्हा आमच्यातल्याच काही तरुणांनी विचारले की, आतशपरस्तांच्या सणाचे मुसलमानांच्या अंकात काय काम? प्रश्न रागाचा होता, पण गैरवाजवी नव्हता. हा प्रश्न चौदाशे वर्षे विचारला जात आहे आणि तो विचारणाऱ्यांत खलिफा, फकीह आणि बादशहा सगळेच आहेत. तेव्हा उत्तरही थोडे लांबूनच द्यावे लागेल.

प्रथम एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे पारशी नववर्ष म्हटले की लोकांना 'पतेती' आठवते, आणि ती तर ऑगस्टच्या मध्यावर येते. महाराष्ट्रात तिची सुट्टीही असते. मग मार्चमधला नवरोज कोणता? खरे म्हणजे 'पतेती' हा जुन्या वर्षाचा अखेरचा दिवस, 'पतेत' म्हणजे तौबा करण्याचा. नवे वर्ष दुसऱ्या दिवशी लागते. लोकांच्या तोंडी मात्र दोन्ही दिवस एकाच नावाने बसले. आणि हे वर्ष ऑगस्टपर्यंत सरकले ते हिशेबामुळे. पारशांचे वर्ष तीस तीस दिवसांच्या बारा महिन्यांचे आणि वर पाच गाथांचे दिवस, म्हणजे एकूण ३६५ दिवसांचे. सूर्याला फेरी पुरी करायला त्याहून सुमारे पाव दिवस जास्त लागतो. हा पाव दिवस कोणी मोजला नाही, तर चार वर्षांत एक दिवस आणि एकशेवीस वर्षांत एक महिना निसटतो. वसंताचा सण असा हळूहळू मागे मागे सरकत पावसाळ्यात येऊन बसला.

हिंदुस्थानातल्या पारशांनी बाराव्या शतकात कधीतरी एक अधिक महिना धरला; इराणातल्या त्यांच्या भाऊबंदांनी तो धरला नाही. त्यामुळे दोघांच्या पंचांगांत बरोबर एका महिन्याचे अंतर पडले, आणि ते कोणाच्या ध्यानात येईपर्यंत अठरावे शतक उजाडले. इराणातून सुरतेला आलेल्या विद्वानांनी ते दाखवून दिले. १७४५ मध्ये सुरतेच्या काही पारशांनी इराणचे पंचांग स्वीकारले. ते 'कदमी' झाले आणि उरलेले 'शहनशाही'. एका महिन्यावरून एवढीशी जमात दुभंगली, आतशबेहराम वेगळे झाले. पुढे १९०६ मध्ये खरशेदजी रुस्तमजी कामा यांच्या पुढाकाराने मुंबईत 'जरथोस्ती फसली साल मंडळ' निघाले. नववर्ष पुन्हा २१ मार्चला, दिवसरात्र समान होतात त्या दिवशी आणावे, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे पारशांची पंचांगे तीन झाली. चंद्राच्या साक्षीवरून दोन दोन ईदी करणाऱ्या आपल्या लोकांनी यावर हसू नये, एवढेच म्हणतो. बहुतेक पारशी मात्र दोन्हीकडून आनंद लुटतात: ऑगस्टमध्ये आपले धार्मिक नववर्ष आणि मार्चमध्ये जमशेदी नवरोज. दादाभाई नौरोजींच्या नावातला 'नौरोजी' हा हाच दिवस.

जमशेद हा इराणच्या दंतकथेतला राजा. देवांनी, म्हणजे तिकडच्या भाषेत दैत्यांनी, त्याचे सिंहासन आकाशात उचलले, ते सूर्यासारखे तळपले आणि लोकांनी त्या दिवसाला 'नवा रोज' म्हटले, अशी कथा आहे. ही कथा आज जगाला ठाऊक आहे ती फिरदौसीच्या 'शाहनाम्या'मुळे. इ. स. १०१० च्या सुमारास तो पुरा झाला आणि लिहिणारा मुसलमान होता. 'नवरोज' हा शब्दही आपल्याला मुळीच परका नाही. 'नव' आपला आणि 'रोज'ही आपलाच: रोजगार, रोजंदारी, रोजमेळ, रोजचे भांडण. रमजानचा रोजाही त्याच कुळातला. अरबीत त्याला सौम म्हणतात, पण आपल्या आईबापांनी फारसी शब्दाने उपवास धरला आणि त्यात कोणाचा इमान गेला नाही.

आता मुसलमानांपर्यंत हा सण कसा आला ते पाहू. सासानी बादशहा नवरोजला रयतेकडून नजराणे घेत आणि साऱ्याचे वर्षही तेथूनच मोजत. इराण मुसलमानांच्या हाती आले तेव्हा राज्यकर्ते बदलले, पण गव्हाचे पिकणे बदलले नाही. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचे. सूर्याच्या वर्षापेक्षा ते सुमारे ११ दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान आपल्याकडे कधी उन्हाळ्यात येतो तर कधी थंडीत. इबादतीसाठी हे उत्तमच आहे. कोणत्याही एका देशाला कायमचा कडक रोजा पडत नाही. पण शेतसारा चंद्राच्या वर्षाने मागितला तर? ३२ सौर वर्षांत ३३ हिजरी वर्षे बसतात. पिके निघणार ३२ आणि सारा द्यावा लागणार ३३. शेतकरी मेलाच. म्हणून उमय्या काळातही सारा जुन्या इराणी वर्षाप्रमाणेच चालला आणि त्याबरोबर नवरोजचे नजराणेही चालू राहिले. हजरत उमर बिन अब्दुल अजीज (इ. स. ७१७ ते ७२०) यांनी हे नजराणे बंद केले. रयतेवरचा तो बोजा होता, आणि त्यांच्या इतर कारभाराशी ही गोष्ट जुळतेच. त्यांच्या मागून आलेल्यांनी ते पुन्हा सुरू केले, हेही खरे.

अब्बासी काळात वेगळीच अडचण आली. इराणी पंचांगातही पाव दिवस निसटत होताच, त्यामुळे नवरोज पीक तयार होण्याच्या आधीच येऊ लागला. खलिफा मुतवक्किल शिकारीला गेला असता शेते हिरवीगार दिसली, आणि इकडे कारकून तर सारा वसूल करण्याची परवानगी मागत होते, असे अल-बिरूनीने नोंदवले आहे. पीक हिरवे असताना पैसे देण्यासाठी शेतकरी कर्ज काढत होता. मुतवक्किलने नवरोज पुढे ढकलण्याचा हुकूम काढला, पण ८६१ मध्ये त्याचा खून झाला आणि काम राहून गेले. शेवटी ८९५ मध्ये खलिफा मुअतजिदने साऱ्याचा नवरोज ११ जूनवर नेला. बगदादचा खलिफा, मुसलमानांचा अमीर, एका मजूसी सणाची तारीख दुरुस्त करतो आहे, आणि ती कशासाठी तर शेतकऱ्याने सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून. आमच्या समजुतीप्रमाणे नवरोजच्या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे पान आहे.

१०७९ मध्ये सेल्जुक सुलतान मलिकशहाने हा हिशेब पक्का करून घेतला. त्याच्या ज्योतिषांच्या मंडळात उमर खय्याम होता. सूर्य मेषेत शिरतो तोच नवरोज, असे या 'जलाली' पंचांगाने ठरवले आणि सण वसंतात स्थिर झाला. मराठी वाचकाला खय्याम भेटला तो रुबायांचा कवी म्हणून, आणि भेटवले ते फारसीचे पंडित माधव जूलियन यांनी; हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवीत होते. त्यांचा 'फारसी-मराठी कोश' १९२५ चा. पण पेल्याच्या नादात गणिती खय्याम आपल्याकडे बाजूलाच राहिला. आज इराणचे सरकारी वर्ष हिजरतीपासूनच मोजतात, फक्त ते सूर्याचे आहे. १९२५ पासून त्याला फरवर्दीन, अर्दिबेहेश्त, खुर्दाद ही जुनी नावे पुन्हा लावली गेली.

आता तरुणांच्या प्रश्नाकडे वळू, कारण तो पंचांगाचा नसून दीनचा आहे. अबू दाऊदच्या संग्रहात हजरत अनस (र.) यांची रिवायत आहे. पैगंबर (स.) मदिनेत आले तेव्हा तेथील लोक दोन दिवस खेळण्या-बागडण्यात घालवीत. त्यांनी विचारपूस केली आणि अल्लाहने या दोहोंऐवजी अधिक चांगले दोन दिवस दिले आहेत, ईदुल अजहा आणि ईदुल फित्र, असे सांगितले. रिवायतीत त्या दोन दिवसांची नावे नाहीत. ते नवरोज आणि मेहरगान होते असे पुढच्या भाष्यकारांनी लिहिले. हनफी फकीहांनीही, नवरोजची थोरवी मानून त्या दिवशी भेटी देण्याला सक्त नापसंती दाखवली आहे. हे लपवण्याचे कारण नाही.

पण त्याच हनफी परंपरेत दुसरीही एक गोष्ट जपलेली आहे आणि ती आमच्या वाअजांत क्वचितच ऐकू येते. इमाम अबू हनीफा यांचे घराणे मूळचे फारसी. त्यांच्या आजोबांनी नवरोजच्या दिवशी हजरत अली (र.) यांच्यासाठी फालुदा नेला. हजरत अलींनी तो परत केला नाही. आमचा तर रोजच नवरोज असतो, अशा अर्थाचे ते हसून बोलले. ही गोष्ट इमामसाहेबांच्याच नातवाने सांगितली म्हणून चरित्रग्रंथांत आली आहे. तिच्यातून फतवा काढता येत नाही. पण सण म्हणून न मानता शेजाऱ्याच्या आनंदाला तोंड न फिरवण्याची एक रीत तिच्यातून जरूर दिसते. कोल्हापूर भागातले आपण बहुतेक हनफी. दिवाळीचा फराळ घेताना आपल्या घरातल्या बुजुर्गांनी नेमके हेच केले आहे.

शियापंथीयांत नवरोजला वेगळे स्थान मिळाले. इमाम जाफर सादिक यांच्या नावे या दिवसाचे महत्त्व सांगणारी रिवायत त्यांच्याकडे आहे. सतराव्या शतकात अल्लामा मजलिसींनी ती 'बिहारुल अन्वार'मध्ये घेतली. सनदीवरून खुद्द शिया आलिमांतही मतभेद झाले. तरीही तो दिवस गुस्ल, नमाज, दुआ आणि नियाज यांचा ठरला. मुंबईत डोंगरीची मोगल मशीद १८६० साली हाजी मुहंमद हुसेन शिराजी या इराणी व्यापाऱ्याने बांधली. तिच्या अवतीभवती वसलेल्या इराणी मुसलमानांच्या घरांत त्या दिवशी 'हफ्त सीन' मांडतात: उगवलेला गहू, सफरचंद, लसूण, सिरका, अशा 'सीन'ने सुरू होणाऱ्या सात वस्तू. सोबत कुरआन शरीफ आणि आरसा असतो. सूर्य ज्या घटकेला विषुववृत्त ओलांडतो ती घटका अगोदरच गणिताने काढलेली असते, मग ती पहाटेची असो की भर दुपारची, आणि सारे घर दस्तरखानाभोवती बसून तिची वाट पाहते. मुंबई-पुण्यातल्या जरथोस्ती इराण्यांच्या टेबलावरही जवळपास हेच साहित्य असते, फक्त ग्रंथ बदलतो. चहाच्या हॉटेलांमुळे आपण 'इराणी' हा एकच माणूस समजत आलो. यज्द-केरमानकडून आलेल्या त्या लोकांत जरथोस्ती होते तसे मुसलमानही होते.

खोजा इस्माइलींचे इमाम पहिले आगाखान हे इराणातूनच आले, मुंबईत स्थायिक झाले आणि १८८१ मध्ये तेथेच वारले. माझगावच्या हसनाबादेत त्यांचा मकबरा आहे. त्यांच्या जमातखान्यांतून २१ मार्चला नवरोज होतो. तिसरी जमात बहाईंची, आणि तिचे एक ठिकाण तर आम्हांला मुंबईहून जवळ, पाचगणीला. तेथील न्यू एरा शाळा १९४५ ची. बहाई लोक मार्चच्या आरंभी एकोणीस दिवस उपास करतात आणि नवरोजला तो संपतो. म्हणजे त्यांची ती ईदुल फित्रच म्हणायची. २०१५ पासून जगभरचे बहाई ही तारीख तेहरानच्या वसंतसंपातावरून धरतात. मुंबई-पुण्याच्या बहाईंत मूळचे जरथोस्ती इराणी पुष्कळ. तेव्हा अशा एखाद्या घराण्यात आजोबांनी जमशेदचा म्हणून केलेला सण नातू बहाउल्लाहचा म्हणून करतो. दिवस तोच असतो.

दिल्ली-आग्र्याचा मामला दरबारी होता, तो थोडक्यात सांगतो. अकबराने १५८४ मध्ये 'इलाही' साल काढले आणि ते नवरोजपासून मोजले. त्याची कारणे पुष्कळ सांगतात, पण अबुल फजलने दिलेल्या कारणांत चंद्रवर्षाने सारा घेण्यातला रयतेवरचा अन्याय हे एक आहे. बगदादचाच प्रश्न सात शतकांनी आग्र्यात आला. जहांगीर आपल्या आठवणींत दर वर्षीच्या नवरोजची नोंद करतो. इंग्रज वकील टॉमस रो याने १६१६ चा थाट अजमेरात डोळ्यांनी पाहिला. १६३५ मध्ये ईदुल फित्र आणि नवरोज लागोपाठ आले, आणि त्या पर्वात, २२ मार्चला, शहाजहान मयूरासनावर प्रथम बसला. औरंगजेबाने १६५९ मध्ये नवरोजचा दरबारी जलसा बंद केला आणि राज्याचे वर्ष चंद्राने मोजायला लावले. शहजादा मुअज्जमने नवरोज साजरा केला म्हणून त्याची पत्रातून कानउघाडणीही केली. सण गेला, पण शेतीचे फसली साल त्याच्या अमलातही तसेच चालू राहिले. सूर्याशिवाय सारा गोळा होत नाही, हे आलमगिरालाही मान्य करावे लागले. अशी मनाई करणारा तो शेवटचा नव्हे. २०२१ मध्ये तालिबान पुन्हा काबुलात आले आणि २०२२ मध्ये त्यांनी नवरोजची सरकारी सुट्टी काढून टाकली. त्याच सणाला २००९ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या वारशात घेतले होते, आणि ते नाव पुढे करणाऱ्या देशांत इराण, तुर्कस्तान, पाकिस्तान यांच्याबरोबर भारतही होता.

मग आपल्या दख्खनेत नवरोज का रुजला नाही? विजापूरचा युसुफ आदिलशहा शियापंथी होता, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने १५३७ मध्ये तोच पंथ स्वीकारला. दरबारात इराणी उमराव, इराणी कवी, इराणी हकीम. आमचा पन्हाळ्याचा मुलूख आदिलशाहीतच होता. तरी कबनूर-शिरोळकडच्या रयतेला २१ मार्चचे अप्रूप कधी वाटले नाही. आम्हांला याचे कारण धर्मात नाही, जमिनीत दिसते. इराणात बर्फ वितळते आणि त्या दिवसापासून रान हिरवे व्हायला लागते. आपल्याकडे त्या वेळी शाळूची काढणी झालेली, उसाचा गळीत हंगाम सरत आलेला, माळ तापलेला. पंचगंगेच्या काठच्या माणसाचे साल मिरगाला सुरू होते. पहिला थेंब पडला की नवे वर्ष, मग तो हिंदू असो की मुसलमान.

आणि दख्खनच्या मुसलमान राज्यकर्त्यांनी नेमके तेच वर्ष धरले. त्याचे नाव 'सुहूर सन'. अभ्यासकांच्या मते तो महंमद तुघलकाच्या काळात, १३४४ मध्ये, सुरू झाला. आकडा हिजरीचाच घेतला, ७४५, पण तेथून पुढे वर्ष सूर्याने मोजले आणि आरंभ ठेवला सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हाचा. 'सुहूर' हे अरबी 'शहर', म्हणजे महिना, याचे अनेकवचन. लोकांनी मात्र त्याला 'मृगसाल' म्हटले, आणि हेच नाव खरे. मुअतजिदचा नवरोज ११ जूनचा आणि आपला मृग ७-८ जूनचा. या दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही. तिकडे पीक हाती येण्याची वेळ होती, इकडे पेरण्याची. पण दोन्हीकडे सरकारने शेतकऱ्याच्या वेळेपुढे मान तुकवली, हे सारखेच.

हा सन आदिलशाही फर्मानांत आहे, शिवछत्रपतींच्या कागदांत आहे आणि पेशव्यांच्या दफ्तरात तर पानोपानी आहे. पानिपतची लढाई झाली ते साल पेशव्यांचा चित्पावन कारकून 'सन इहिदे सितैन मया व अलफ' असे लिहितो, म्हणजे अरबीत एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. त्याच कागदावर 'छ' घालून जमादिलाखर किंवा रबिलावल महिन्याचा चंद्र येतो, आणि शेजारी मराठी तिथीही बसते. हा कारकून मदरशात शिकलेला नव्हता. खरीप हा शब्द अरबी शरदाचा आणि रब्बी अरबी वसंताचा, हे आजही सात-बाऱ्यावर पिके लिहिणाऱ्या किती जणांना ठाऊक असते? उलट बाजूने पाहिले तर मलंगगडावर हाजी मलंग बाबांचा उरूस माघी पौर्णिमेला भरतो, हिजरी तारखेला नाही. आखरी चहारशंब्याला दख्खनी मुसलमान घराबाहेर, बागेत, हिरवळीवर जात आले आहेत, आणि इराणात वर्षाच्या अखेरच्या चहारशंब्याच्या आदल्या रात्री लोक जाळावरून उड्या मारतात. दोन्हींची कारणे निराळी; आमचा चहारशंबा सफर महिन्याचा आणि पैगंबरांच्या (स.) आजारपणाच्या आठवणीचा. नाव मात्र दोन्हीकडे फारसीच.

२०२३ मध्ये २१ मार्चला नवरोज, २२ ला गुढीपाडवा आणि २४ ला पहिला रोजा असे चार दिवसांत सगळे आले. आमच्या गल्लीत पाडव्याच्या गुढ्या उतरल्या आणि दुसऱ्या दिवशी चंद्र पाहायला मंडळी माडीवर गेली. कोणाला त्यात विशेष वाटले नाही. पंचांगे शेजारी शेजारी ठेवण्याची या भागाला सवयच आहे. एकच पंचांग खरे मानून उरलेली हराम किंवा परकी ठरवणे, ही हट्टाची भाषा अलीकडची आहे, आणि ती आज दोन्ही बाजूंनी ऐकू येते.

मराठवाड्यात तर नवरोजचे महिने खुद्द सरकारी कागदांत शिरले. फसली साल दख्खनेत शहाजहानच्या काळी आले. हैदराबाद राज्याने एकोणिसाव्या शतकात त्याला इराणी महिने जोडले आणि वर्षाचा आरंभ ६ ऑक्टोबरला ठेवला. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादच्या महसुली कागदांवर १९४८ पर्यंत याच तारखा पडत. बहमन, अर्दिबेहेश्त, खुर्दाद ही जरथोस्ती धर्मातल्या पूज्य शक्तींची नावे. त्यांच्या तारखांनी सुन्नी निजामाच्या कचेरीत मराठी शेतकऱ्याचा सारा जमा झाला आणि कोणत्याही मौलवीने ती पावती फाडली नाही. तिकडच्या जमिनीच्या दाव्यांत हैदराबादचा जमीन महसूल कायदा '१३१७ फसली' याच सालाने ओळखला जातो. या पंचांगाच्या पहिल्या महिन्याचे नाव होते आजूर. फारसीत त्याचा अर्थ आतश, अग्नी.